तीन दगडांची चूल

ज्या गोष्टीवर मी पंधरा वर्षं पोट भरलं ती गोष्ट खोटी होती, आणि ती मीच रचली होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे कुठेतरी वाचणाऱ्याला शंका यायची, मग मी सारवासारव करायची, त्यापेक्षा हे चांगलं. सारवासारव करण्यात मी पटाईत आहे, आणि माझ्या आईला त्यापायी जे सोसावं लागलं तेच इथे लिहायचं आहे.

तुमसरहून उत्तरेला निघालं की धानाच्या बांध्या संपत जातात आणि डोंगर लागतात. त्यातल्या एका डोंगराच्या पोटात चुनखडीची गुहा आहे. आमच्या गावापासून चालत अर्धा तास. जुन्या काळी या डोंगराचा दगड भाजून चुना काढत. पायथ्याशी भट्ट्यांचे काळे खड्डे अजून दिसतात, आणि आसपासच्या किल्ल्यांच्या भिंतींना इथलाच चुना आहे असं गावात सगळे सांगतात. खरं-खोटं मला माहीत नाही. गुहेच्या तोंडाशी मात्र गारगोटीच्या धारदार पात्या आणि जाड खापरं सापडतात, आणि आत शिरलं की डाव्या हाताला गेरूने उमटवलेले तळहात आहेत. ते कोणाचे, कोणालाच ठाऊक नाही. आमच्या लहानपणी तिथे गुराख्यांशिवाय कोणी जात नसे. मग बाहेरचे लोक वह्या-पुस्तकं घेऊन येऊ लागले, मग रस्ता झाला, फाटक झालं, तिकिटाची खिडकी झाली आणि आत हिरवे-लाल दिवे लागले. त्या दिव्यांमुळे गुहा लग्नाच्या मांडवासारखी दिसते असं माझं मत आहे. लोकांना आवडते.

गावच्या समितीला गुहा दाखवायला एक बोलका माणूस हवा होता. मी तोपर्यंत तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती शिवून झालो होतो, मोहाडीला तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून झालो होतो, आणि दोन्हीकडून तोंडामुळे घालवला गेलो होतो. मला कोणी चढ्या आवाजात बोललेलं खपत नाही, आणि स्वतः मात्र मी चढ्या आवाजातच बोलतो. बाप तेव्हा नुकताच गेला होता. घरात आई आणि मी. आईला आम्ही माय म्हणतो. माझं कसं होणार या काळजीने ती पार खंगली होती. गुहेचं काम लागलं तेव्हा तिने गावभर साखर वाटली, आणि एक म्हण ती तेव्हा सारखी म्हणायची, बोलणाऱ्याची माती खपते, न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. मला तो आशीर्वाद वाटला.

गुहा दाखवण्याचं एक तंत्र आहे. छतातून चुन्याचं पाणी थेंबाथेंबाने गळतं, हजारो वर्षं गळतं, आणि त्याचे दगड होतात. पण नुसता दगड लोकांना दिसत नाही. तुम्ही बोट दाखवून "हा हत्ती" म्हणालात की लगेच सोंड दिसते, कान दिसतात, लहान मुलं तर शेपटीही दाखवतात. म्हणून पहिल्या खोलीत मी हत्ती केला, महादेवाच्या जटा केल्या, नवरदेव-नवरी केली. दुसऱ्या खोलीत भाताची रास आणि तिच्याशी बसलेली म्हातारी. नाव एकदा दिलं की ते चिकटतं. महिनाभरात लोक मलाच येऊन सांगू लागले, अमुक ठिकाणी एक म्हातारी आहे म्हणे, ती दाखवा.

अडचण होती ती तिसऱ्या खोलीची. तिथे जायला कंबरेत वाकून दहा-बारा पावलं चालावं लागतं, आणि पोचल्यावर तिथे काहीच नाही. ती खोली कोरडी आहे. पाणी गळत नाही, त्यामुळे दगडही लटकत नाहीत. माती, वटवाघळांची घाण आणि कोपऱ्यात तीन दगड. सुरुवातीच्या दिवसांत नागपूरचे काही लोक आले होते. त्यातला एक जाडजूड माणूस घामाघूम होऊन तिथवर आला आणि माझ्यावरच खेकसला, एवढं वाकवत आणलंत ते ही माती दाखवायला का? माझं डोकं तापलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, साहेब, ही माती नाही, ही पांडवांची चूल आहे. वनवासात भीमाने इथे स्वयंपाक केला. जेवण व्हायच्या आधीच निघावं लागलं, म्हणून चूल तशीच राहिली. हात लावून पाहा, अजून ऊब लागेल. त्या माणसाने खरंच वाकून हात लावला आणि म्हणाला, हो, लागते. बाकीच्यांनी चपला काढल्या.

तीन दगड त्रिकोणात होते, आणि तीन दगडांची चूल आमच्याकडे घरोघरी असते. एवढंच त्या गोष्टीचं भांडवल. पुढे मी तिच्यात द्रौपदी घातली, एक विनोद घातला, शेवटी दोन हात जोडायला लावले. लोक उदबत्त्या आणू लागले, कापूर जाळू लागले, फुलं टाकू लागले. दगडांच्या मधली माती काळी पडली. आता ती खरोखरच चुलीसारखी दिसू लागली.

मी घरी छपरीत उभा राहून ही सगळी भाषणं घोकत असे आणि माय तांदूळ निवडत ऐकत असे. चुलीची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा तिचे हात थांबले होते, एवढं मला आठवतं. गोष्ट आवडली असं मी समजलो. ती एवढंच म्हणाली, "कोठी हायेत ते गोटे?" मी सांगितलं, मागच्या खोलीत, उजव्या अंगाला. ती म्हणाली, "लोकायले पाय नोको लावू देजो तठी." मला सल्ला पटला. दुसऱ्याच दिवशी मी दगडांभोवती चार खुंट्या ठोकून सुतळी बांधली. लोकांची भक्ती त्याने आणखी वाढली.

त्यानंतर मी संध्याकाळी घरी आलो की ती रोज न चुकता विचारायची, "आज मांग गेले होते काय लोकं?" मागे म्हणजे मागच्या खोलीत. गेले होते म्हटलं की तिला बरं वाटे. पावसाळ्यात कोणी आलं नाही तर ती गप्प राही. पोराच्या कामात आईचा जीव गुंतलाय, यापलीकडे माझ्या डोक्यात काही आलं नाही. एका शिवरात्रीला तर ती स्वतः आली. गुहेत तेव्हा मुंगीला वाट नसते. मी चुलीपाशी उभा राहून बोलत होतो आणि मागे भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून ती उभी दिसली. आपली माय आपलं बोलणं ऐकायला आली म्हणून मला चेव चढला. भीमाला एवढी भूक होती की चुलीचे दगडही खाल्ले असते, म्हणून द्रौपदीने ते तापवून ठेवले, हा माझा विनोद मी त्या दिवशी दोनदा केला. लोक खूप हसले. मायने वाकून दगडांना हात लावला, तो कपाळाला लावला आणि गर्दीतून निघून गेली. हे आठवलं की आज मला माझीच लाज वाटते.

मग मागच्या वर्षी, होळी झाल्यावर, एक मॅडम आल्या. जुन्या जागा खोदून माणसांचा इतिहास शोधणं हे त्यांचं काम. सोबत पाच-सहा विद्यार्थी. त्यांनी आधी गुहेच्या तोंडाशी दोरे लावून चौकोन आखले आणि बोटभर बोटभर माती खरवडत महिनाभर बसल्या. माझ्याशी फार आदराने बोलत. मला काका म्हणत, आणि मला कोणी आदराने काका म्हटलं की मी विरघळतो. एके दिवशी त्यांनी मागची खोली पाहायला मागितली. मी नेहमीसारखी चूल दाखवली, गोष्ट सांगितली. विनोद गाळला. त्या वही काढून बसल्या आणि विचारलं, "ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?"

तेव्हा खरं बोलायला काहीच हरकत नव्हती. मी म्हटलं असतं की मॅडम, मीच रचली, तर त्या हसल्या असत्या आणि पुढे गेल्या असत्या. पण वहीवर पेन टेकवून एक शिकलेलं माणूस आपल्या तोंडाकडे पाहतंय, ही गोष्ट माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होत होती. मी म्हणालो, "पूर्वापार चालत आलंय. आमच्या आजोबांच्याही आधीपासून."

त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणाल्या, गोष्ट खरी नसते, पण लोक उगाच एखाद्या जागेकडे बोट दाखवत नाहीत. शिवाय ही खोली कोरडी आहे, इथले थर हललेले नसणार. दोन दिवसांनी आपण याच कोपऱ्यात खोदू.

घरी येऊन मी मायला ही बातमी मोठ्या ऐटीत सांगितली. म्हटलं, मोठ्या शहरातली बाई आपल्या शब्दावर खोदकाम करून राहिली. माय सुपात तांदूळ घेऊन बसली होती.

"कोठी खोदनार?" तिने विचारलं.

"मांगच्या खोलीत. चुलीपाशी."

तिने सूप खाली ठेवलं. "तठी नोको खोदू म्हना त्यायले."

"काहून?"

"तठी तुही बहीन हाये."

माझ्या आधी एक मुलगी झाली होती आणि ती लहानपणीच गेली, हे मला माहीत होतं. आमच्याकडे घरटी एखादं असं लेकरू असतंच. त्याबद्दल कोणी फार बोलत नाही. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. गावाच्या बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर ती जागा ठरलेली आहे. तीही तिथेच असणार असं मी धरून चाललो होतो. माय म्हणाली, ते पोळ्याआधीचे दिवस होते. आठ दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती. बोडी फुटायला आलेली, पाळीवर चढता येत नव्हतं, खड्डा केला की पाण्याने भरत होता.

"तुहा बाप तिले लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेला. पान्यात कसं ठेवू म्हने लेकराले. लय येळानं वापस आला. डोंगरातल्या खोहीत कोरडी जागा पाह्यली म्हने, एकदम मांग. वरतं तीन गोटे ठेवले, कोल्ह्या-कुत्र्यानं उकरू नये म्हनून."

बायकांनी त्या जागेवर जायचं नसतं, म्हणून तोवर ती कधी गेली नव्हती. मी छपरीत उभा राहून तीन दगडांची गोष्ट सांगितली, तेव्हा तिला आपली लेक नेमकी कुठे आहे ते कळलं.

"मंग तवाच काहून नाही सांगतलं मले?"

"सांगून काय होते? तुले कोठी काम टिकत नव्हतं. टिकलं तं त्या चुलीवर टिकलं. मी तुह्या पोटावर पाय देऊ काय?" मग ती म्हणाली, "आन् लोकं हात जोडत, फुलं टाकत. मले बरं वाटे. बोडीवरच्या लेकरायले कोन फुलं टाकते?"

मी म्हटलं, उद्या सांगतो मॅडमला. ती म्हणाली, "सांगजो, बाबू. तिले उठवू नोको म्हना." एवढीच तिची मागणी होती. माझ्या आयुष्यात तिने माझ्याकडे दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी सांगायचं ठरवूनच गेलो. मॅडम त्या खोलीत सुतळ्या बांधत होत्या. माझ्या सुतळ्या काढून त्यांच्या लावल्या होत्या. मला पाहताच त्यांनी विद्यार्थ्यांना बोलावलं आणि म्हणाल्या, हे काका, यांच्यामुळे आपल्याला ही जागा कळली. पोरं माझ्याकडे पाहून हसली. समितीचे दोघं आले होते, तेही माझ्या पाठीवर थाप मारून गेले. आता यांच्यापुढे काय सांगायचं? की पूर्वापार वगैरे काही नाही, तो जाड माणूस खेकसला म्हणून मी थाप मारली? पंधरा वर्षं गावाच्या, तालुक्याच्या, साहेबलोकांच्या तोंडावर मारली? माझ्या जिभेला कधी कुलूप लागत नाही, पण त्या दिवशी लागलं. शेवटी मी अर्धवट काहीतरी बोललो. म्हटलं, मॅडम, देवाची जागा आहे, बायकांचं मन दुखेल. त्या म्हणाल्या, "मला कल्पना आहे काका. आपण पूजा करून सुरू करू. दगड मोजून-मापून उचलू आणि काम झालं की होते तसेच ठेवू." आणि त्यांनी खरंच नारळ मागवला.

घरी आलो तर माय दारातच उभी होती.

"सांगतलं?"

"सांगतलं."

"काय म्हने?"

"ठीक हाये म्हने. दुसऱ्या कोपऱ्यात खोदतीन."

तिचा चेहरा सैल झाला. त्या संध्याकाळी तिने माझ्यासाठी लाखोरीच्या डाळीचे वडे केले, आणि मी ते खाल्ले. मी स्वतःची समजूत घातली होती. म्हटलं, पन्नास वर्षं होत आली. अकरा दिवसांचं लेकरू, त्याचं काय उरणार? माती झाली असेल. ते खोदतील, माती निघेल, दगड परत ठेवतील आणि मायला कधी कळणार नाही. चुन्याच्या मातीत हाड विरत नाही, ते टिकतं, हे मला माहीत नव्हतं. चुना काय काय करतो हे मी रोज शंभर लोकांना सांगत होतो, आणि एवढं मला माहीत नव्हतं.

नारळ फुटला. दगड उचलले. मागच्या खोलीत वीज नव्हती म्हणून बॅटरीचा मोठा दिवा मीच धरून उभा होतो. कापराची काळी माती निघाली, तिच्याखाली पांढुरकी निघाली. साधारण वीतभर खाली गेल्यावर एका विद्यार्थिनीच्या कुंचल्याला काळे मणी लागले. आमच्याकडे दृष्ट लागू नये म्हणून लेकराच्या हातात बांधतात तसे, पाच-सहा. मग फडक्याचा चिंधीएवढा तुकडा, कडक झालेला. मग त्याच्याशेजारी एक हाड, आगपेटीच्या काडीपेक्षा थोडं जाड. मॅडमनी हात वर केला आणि सगळे थांबले. त्या बराच वेळ वाकून पाहत राहिल्या आणि हळू म्हणाल्या, "हे जुनं नाही."

मी म्हणालो, "मॅडम, ती माझी बहीण आहे."

त्या तिथेच मातीत खाली बसल्या. मला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"परवापासून."

"मग काल का नाही बोललात?"

मी दिवा खाली ठेवला. त्या म्हणाल्या, "तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी हा कोपरा सोडला असता काका. सगळी खोली पडली होती." त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मीही चढ्या आवाजात काहीतरी बोलून मोकळा झालो असतो.

मी म्हटलं, आता परत झाका. पण ते त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. माणसाचं हाड निघालं आणि ते जुनं नसलं की पोलिसांना कळवावंच लागतं. दुपारी ते आले, पंचनामा झाला. दोन पंचांमध्ये समितीचा एक जण होता, त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. खोक्यात कापूस घालून सगळं नीट ठेवलं, वर कागद चिकटवला, आणि तपासणीसाठी नागपूरला पाठवायचं ठरलं. जिथे सही करायला सांगितली तिथे मी सही केली.

घरी गेलो तेव्हा बातमी माझ्या आधी पोचली होती. माय अंगणात बसली होती. शेजारच्या दोघी जणी तिच्याजवळ होत्या, त्या मला पाहून उठून गेल्या.

"नेलं?" तिने विचारलं.

"नेलं."

"कायच्यात?"

"खोक्यात. कापूस ठेवला होता."

"झाकन होतं?"

"होतं."

ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "तू सांगतलं म्हनला होता."

"नव्हतं सांगतलं."

"हं," ती म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली. तिने मला शिव्या दिल्या असत्या, झाडूने हाणलं असतं तरी चाललं असतं. तिने भात टाकला, मला वाढलं, स्वतः घेतला नाही. मी खाली मान घालून जेवलो. ताटात टाकायची हिंमत नव्हती.

मागच्या खोलीला जाळी लावून कुलूप घातलं. पुढच्या दोन खोल्या मी दाखवतो. कामावरून मला कोणी काढलं नाही. गावाला माझ्याशिवाय दुसरा बोलका माणूस मिळाला नाही, एवढंच त्याचं कारण. लोकांच्या मोबाइलमध्ये माझी जुनी भाषणं आहेत, त्यामुळे ते येऊन विचारतात, भीमाची चूल कुठे आहे? मी बंद आहे म्हणतो. काही जण म्हणतात, अहो पण आम्ही लांबून आलोय. पूर्वीचा मी असतो तर त्यांना जाळीपाशी उभं करून आणखी एक गोष्ट सांगितली असती. घरी आलो की माय पाणी देते. आज लोक मागे गेले होते का, हे ती आता विचारत नाही. बाकी सगळं बोलते, धानावर तुडतुडा पडल्याचं, गाय आटल्याचं, पण ते विचारत नाही. संध्याकाळच्या त्या वेळेला आम्ही दोघंही दुसरीकडे पाहत असतो.

धान कापून झाल्यावर ठाण्यातून निरोप आला. तपासणी झाली होती. हाडं तान्ह्या मुलीची, संशयास्पद काही नाही, इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व नाही. नातेवाइकांनी अर्ज करून घेऊन जावं. मी एकटाच गेलो. तिथल्या हवालदाराने समोर छापील अर्ज ठेवला. चांगला माणूस होता, चहा मागवला. मी दुसऱ्यांचे अर्ज लिहून पोट भरलेला माणूस, भराभर लिहीत गेलो. बापाचं नाव, आईचं नाव, गाव, माझं नातं. मृताच्या नावाचा रकाना आला तेव्हा थांबलो. म्हटलं, साहेब, नाव नव्हतं. बारशाच्या आधीच गेली.

तो म्हणाला, रकाना रिकामा चालत नाही. नुसतं मुलगी लिहा, नाहीतर घरी विचारून घ्या.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन मायला फोन लावला. म्हटलं, "माय, फारमात तिचं नाव मांगून राहिले. काय लिहू?"

तिने नाव सांगितलं. थांबली नाही, आठवावं लागलं नाही. अंगणात खेळणाऱ्या पोरीला आत बोलवावं तसं सहज सांगितलं. मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं. आणि म्हणाली, "उमर अकरा दिवस लिही. दुसऱ्या दिवशी पाळन्यात घालनार होतो."

"बाबाले माहीत होतं हे नाव?"

"नाही. तुहा बाप तिले न्यायले उठला, तवा मी तिच्या कानात सांगतलं. तसीच कसी जाऊ देऊ तिले?"

आमच्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. त्या पावसात आत्या कुठून येणार होती. माझ्या तोंडून निघालं, "मंग मले कधी काहून नाही सांगतलं, माय? एवढी वर्सं?"

"तू सारं लोकायले सांगत फिरतो, बाबू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

मी आत गेलो आणि ते नाव रकान्यात लिहिलं. दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही, इथेही नाही.